अडाण्यांची बरणी

“तीनदा बंद करून चालू केलंय,” दार उघडता उघडताच सुजाताबाई बिरनाळे म्हणाल्या. “तेवढं सोडून दुसरं काही येत असेल तर आत या.”

“ज्यांना काही येत नाही ते बंद-चालू करायला सांगतात,” शर्वरी मगदूम चप्पल काढत म्हणाली. “मी वायर बघते.”

दोघींनी एकमेकींना आपादमस्तक न्याहाळलं आणि दोघींनाही समोरची आवडली नाही.

शर्वरीला तसं कुठलंच गिऱ्हाईक आवडायचं नाही. सांगलीत घरोघरी वायर जोडायच्या कामात तिला नऊ वर्षं झाली होती. रस्त्यावर बिनड्रायव्हरच्या गाड्या आल्या, त्यांना आपापसांत बोलायला हवेतल्या लहरी पुरेनाशा झाल्या आणि सरकारने घरातली बिनतारी जोडणी बंद करून टाकली, तेव्हापासूनची नऊ वर्षं. लोक त्याला लहरबंदी म्हणत. फ्रिज, दिवे, टीव्ही सगळं पुन्हा वायरला आलं. फोनसुद्धा घरात शिरला की खुंटीला म्हैस बांधावी तसा बांधून ठेवावा लागे. पंचाईत एवढीच होती की वायरचं टोक कशाशी खातात हे विसरलेली अख्खी पिढी मध्ये होऊन गेली होती. इंजिनिअर म्हणवणारी माणसं कनेक्टर उलटा कोंबत आणि वर ‘बसत नाही हो’ म्हणून तक्रार करत.

असल्यांसाठी शर्वरीच्या स्वयंपाकघरात एक बरणी होती. मेतकूट आणि लिंबाच्या लोणच्याच्या मधोमध. तिच्यात वायरची कापलेली टोकं होती: पुढे पारदर्शक कनेक्टर, मागे बोटभर केबल आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहिलेला पत्ता नि शेरा. ‘कुपवाड रोड, डॉक्टरांचं घर: शिकलेला आंधळा.’ ‘विश्रामबाग, ब्लॉक सात: हातांऐवजी पाय वापरले.’ ‘गावभाग, बाळंतिणीची खोली: राहू दे ताई म्हणणारी महामूर्ख.’ लोकांनी आपल्या अकलेने बांधलेली चुकीची टोकं ती कापून आणायची, जागी स्वतःचं नीट टोक बसवायची आणि दर दिवाळीच्या जेवणाला ऑफिसात बरणी उपडी करून सगळ्यांना हसवायची. नऊ वर्षांत तिच्या कामाच्या नोंदीत ‘दोष सापडला नाही’ हे तीन शब्द एकदाही आलेले नव्हते. ते तीन शब्द लिहिणाऱ्यांना ती माणसात धरत नसे.

“काय होतंय नक्की?” तिने विचारलं.

“बाळाच्या खोलीतली सांभाळ चालत नाही. दोन आठवडे झाले. तीन जण येऊन गेले. एकाने पेटी बदलली, एकाने फुंकर मारली आणि तिसऱ्याने चहा घेतला.”

शर्वरीला हसू आलं. बाई अगदीच मठ्ठ नव्हती.

‘सांभाळ’ ही गेल्या दोन वर्षांतली टूम. केबलच्या वेष्टनात एक पातळ थर असे. त्यावर जरा दाब पडला, जरासा हादरा बसला की त्यात कणभर वीज निर्माण होई. त्या केबलला कंपतार म्हणत. खरं तर ती निघाली होती उंदरांसाठी. वायर कुठे कुरतडली हे लगेच कळावं म्हणून. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की जी वायर उंदराचा दात ओळखते ती माणसाचं पाऊलही ओळखेल. खोलीच्या कडेने फरशीखाली कंपतारेचं एक वेटोळं टाकलं की पाळण्याचा झोका, बाळाच्या रडण्याचा कंप, कोण धावत आलं, किती वेळात आलं, सगळं तिच्यात उमटे. शब्द मात्र तिला कळत नसत. रोज सकाळी फ्रिजच्या दारावर पत्रक उमटायचं.

सुजाताबाईंनी ते पत्रकच दाखवलं. बोट ठेवून, शाळेतल्या बाईंसारखं.

“हे बघा. गेल्या महिन्यात मातृप्रतिसाद चोपन्न. आपल्या भागातल्या आयांची सरासरी एकाहत्तर. आणि मग गेले चौदा दिवस नुसतं ‘नोंद अपुरी’. रविवारी मुलगा येतोय माझा, नील. त्याच्यापुढे काय ठेवू?”

“काय ठेवायचंय?”

“पाळणा माझ्या खोलीत घ्यायचा की नाही ते ठरवायचंय. सूनबाईंना चार महिने तासगावला पाठवू, माहेरी, विश्रांतीला. बाळ इथं राहील.” त्यांनी पत्रकावरचं बोट काढलं. “तुम्हाला वाटत असेल, म्हातारी खाष्ट आहे. मी दोन पोरं वाढवली, बाई. एक जन्मतः दम्याचं. कुणी मोजलं नाही म्हणून कुणाला कळलं नाही मी किती केलं. आता मोजतायत, तर हिला नको झालंय.”

शर्वरीने हत्यारांची पिशवी उचलली. घराघरांतली रडगाणी ऐकायची तिला सवय होती आणि तिटकाराही.

बाळाच्या खोलीत सून बसली होती. सानवी तिचं नाव. पंचविशीची, ओढणी खांद्यावरून निसटलेली, केस कसेतरी क्लिपमध्ये कोंबलेले. मांडीवर चार महिन्यांची मुलगी. वायरवाल्या बाई आल्या म्हटल्यावर ती नुसती सरकून बसली. शर्वरीने एका नजरेत तिचा निकाल लावला: ही ती जात, जी झाडू मारताना वायर ओढते आणि मग म्हणते, मी नाही बाई हात लावला.

“काही ओढलंत वगैरे का?”

“नाही,” सानवी म्हणाली.

“बघा,” शर्वरी मनात म्हणाली.

तिने टेस्टर लावला. एक भाग खोलीतल्या टोकाला, दुसरा बाहेरच्या पॅसेजमधल्या मुख्य पेटीला. एक ते आठ, आठही दिवे ओळीने हिरवे. आठही तारा पोचत होत्या. आधीच्या तिघांनी इथेच हात टेकले असणार, कारण त्यांच्या लेखी दिवा हिरवा म्हणजे जग ठीक. मग तिने आपलं मापक काढलं. ते कंपतारेतले हादरे रेषेच्या रूपात दाखवी. पॅसेजमध्ये रेष लख्ख होती. सुजाताबाईंचं उजवं पाऊल डाव्यापेक्षा जड पडतं, हेसुद्धा दिसत होतं. बाळाच्या खोलीच्या तारेवर मात्र पडद्यावर नुसतं गवत माजलेलं.

शर्वरीने पेटीतला कनेक्टर उजेडात धरला आणि तिला जवळजवळ आनंदच झाला.

“काय झालं?” सुजाताबाई मागेच उभ्या होत्या.

“कुण्या गाढवाने रंग शेजारी शेजारी लावलेत.”

“म्हणजे?”

“ही बघा. आत आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घालून. का? तर बाहेरचा गोंगाट शिरला की दोघींत सारखाच शिरतो. पलीकडे यंत्र एकीतून दुसरी वजा करतं, गोंगाट जातो, कामाचं तेवढं उरतं. आता टोक बांधताना केशरी जोडी आधी, मग हिरवीतली एक, मग निळी जोडी मध्ये, मग हिरवीतली दुसरी, शेवटी तपकिरी. हिरवी अशी निळीला पोटात घेऊन बसते. नवशिके काय करतात? हिरवी-हिरवी शेजारी, निळी-निळी शेजारी. दिसायला सुबक. पण यंत्र तर जुन्याच जागांवरून वजाबाकी करणार ना! तिसरी आणि सहावी. एक हिरवी, एक निळी. पीळ नसलेल्या परक्या दोघी. गोंगाट जसाच्या तसा राहतो. दिवेबिवे चालतात, फोन चालतो, पण कंपतारेचा बारीक हादरा त्यात बुडून जातो.”

“आणि हे त्या तिघांना दिसलं नाही?”

“रंग वाचायला डोळे लागतात, बाई. दिवे मोजायला नुसती बुबुळं पुरतात.”

सुजाताबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच आदर दिसला. शर्वरीला तो आवडला, हे तिने कबूल केलं नसतं. दोन टोकं कापायची, दोन नवी बांधायची. पंधरा मिनिटांचं काम. बरणीसाठी शेरासुद्धा तयार होता: ‘रंगीबेरंगी गाढव.’

खोलीत येऊन तिने भिंतीवरच्या बोर्डाचे स्क्रू काढले. झाकण बाजूला केलं आणि तिचे हात थांबले.

आत केबलची एक वीतभर गुंडाळी होती. नीट गोल फिरवलेली, पांढऱ्या शिवणदोऱ्याने दोन ठिकाणी बांधलेली. नवशिका केबल बेतून, ताणून लावतो. पुढे टोक खराब झालं की कापायला काही उरत नाही. वीतभर जास्तीची ठेवणं आणि ती प्लॅस्टिकच्या पट्टीने न आवळता दोऱ्याने बांधणं, म्हणजे तारेला काच पडत नाही, ही जुन्या केबलवाल्यांची रीत. डिशच्याही आधी गच्च्यांवरून वायरी टाकत फिरणाऱ्या माणसांची. आताच्या कुणाला ती ठाऊक नव्हती. टोकही तसंच: वेष्टन अगदी कनेक्टरच्या आत पोचलेलं, आठही तारा समान लांबीच्या, दाब एकसारखा. हे बांधणारा हात कसलेला होता.

आणि रंग चुकलेले. पलीकडच्या टोकाला चुकले होते, अगदी तसेच.

असा हात अशी चूक करत नाही.

“तासगावला माहेरी काय करतात?” तिने मागे न बघता विचारलं.

उत्तर दारातून आलं. “काय करणार? केबलचा धंदा होता वडलांचा,” सुजाताबाई म्हणाल्या. “शिडीवाले कोळेकर. लग्नात नीलचे मित्र विचारत होते, वरात शिडीवरून येणार का म्हणून.” त्या स्वतःच हसल्या.

सानवी हसली नाही. ती मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. त्या हाताच्या अंगठ्याला, नखाच्या खाली, एक आडवा पांढुरका वळ होता. तारांवर कनेक्टर आवळायचा बोथट क्रिम्पर दाबून दाबून पडतो तसा. शर्वरीच्या अंगठ्याला तोच वळ नऊ वर्षांपासून होता.

“काकू,” शर्वरी म्हणाली, “पेटीपाशी जाऊन उभ्या राहा. दुसऱ्या ओळीतला दिवा लाल झाला की मला हाक मारा. नजर हलवू नका.”

गिऱ्हाइकाला वाटेतून दूर करायची ही धंद्यातली सगळ्यात जुनी युक्ती. तो दिवा कधीच लाल होत नसे. सुजाताबाई कर्तव्यदक्षपणे गेल्या.

शर्वरीने दार लोटलं. वायरला तसेही शब्द कळत नसत, आणि या खोलीतली तर बहिरीच होती. बोलायला हरकत नव्हती.

“तू बांधलंस.”

सानवीने मान वर केली. नाकारायचं तिने क्षणभर मनात आणलं असावं, पण तिची नजर उघड्या बोर्डातल्या दोऱ्याकडे गेली.

“तो दोरा नको होता बांधायला,” ती म्हणाली. “हात राहत नाही ना.”

“सरळ तोडून टाकायची. एवढा उद्योग कशाला?”

“तुटलेली वायर कुणीही जोडतं, ताई. आठ दिवे हिरवे दिसले की मात्र सगळे घरी जातात. बाबा म्हणायचे, सगळ्यात हट्टी बिघाड तोच, जो बिघाडासारखा दिसत नाही.”

“आणि हे सगळं कशासाठी? चोपन्न आकडा लपवायला?” शर्वरीच्या आवाजात नेहमीची धार होती. “रडलं की जाऊन घ्यायचं. वाढेल की आकडा.”

सानवीने मुलीला जरा वर घेतलं. मुलगी तिच्या ओढणीचं टोक तोंडात घालून चोखत होती.

“वाढला होता एकदा,” ती म्हणाली. “ब्याऐंशी. त्या दिवशी ही रडली तेव्हा मी आंघोळीला होते. साबणाच्या अंगाने गाऊन अडकवून पळाले. हिला उचलून वळले आणि पाय घसरला. पाळण्याचा दांडा हातात आला म्हणून. नाहीतर हिचं डोकं…” तिने वाक्य सोडून दिलं. “मी पाऊण तास थरथरत होते. आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजवर ब्याऐंशी. बाजूला फूल. आईंनी नीलला फोन करून सांगितलं, शिकतेय हं हळूहळू.”

बाहेरून आवाज आला, “अजून हिरवाच आहे हो!”

“बघत राहा!” शर्वरी ओरडली.

“आणि ताई, दुपारी ही जागी असते ना, रडत नाही, नुसती पंख्याकडे बघते. तेव्हा मी इथं खाली बसते. हिच्याकडे बघत. मला दुसरं काही करावंसंच वाटत नाही. पत्रकात काय येतं माहितेय? ‘माता निष्क्रिय, चाळीस मिनिटे.’” ती हसली, पण ओठ वाकडे झाले. “बसलेल्या माणसाचा हादराच नसतो ना. तिला ऐकू काय येणार?”

शर्वरीने मापक हातातल्या हातात फिरवलं.

“रविवारी काय होणार?”

“नील वाईट नाही. पण त्याला आकडा दिसला की माणूस दिसत नाही. आकडा नसेल तर त्याला मला विचारावं लागेल. तेवढंच पाहिजे मला. त्याने मला विचारायला पाहिजे.” मग खाली बघून म्हणाली, “तुम्ही दुरुस्त केलंत तर रविवारपर्यंत चार पत्रकं येतील. चारही पुरतील.”

शर्वरीला राग आला. या पोरीचा, त्या बाईचा, फूल छापणाऱ्या कंपनीचा. पण सगळ्यात जास्त या गोष्टीचा की दोष तिच्या तळहातावर होता, लख्ख, सुंदर, शहरात दुसऱ्या कुणाला सापडला नसता असा, आणि तो तिला दाखवता येणार नव्हता. दाखवला तर पंधरा मिनिटांत ती पुन्हा सांगलीतली पहिल्या नंबरची. नाही दाखवला तर ती कोण? पेटी बदलणारा, फुंकर मारणारा आणि चहा पिणारा, यांच्या रांगेत चौथी.

मुलीने ओढणी सोडली आणि शर्वरीच्या गळ्यातल्या मापकाच्या पट्ट्याकडे हात केला. एवढासा हात. पडद्यावरच्या गवतात काही हललं नाही.

शर्वरीने खिशातून छोटी कातर काढली. सानवीने डोळे मिटले. शर्वरीने दोन्ही पांढरे दोरे कापले, गुंडाळी मोकळी करून जरा वेडीवाकडी आत कोंबली आणि झाकण लावलं.

“पुढच्या वेळी दोरा बांधू नकोस,” ती म्हणाली. “माझ्यासारखी दुसरी कुणी आली तर लगेच पकडेल. येणार नाही म्हणा, पण तरी.”

पेटीपाशी सुजाताबाई खरोखरच नजर न हलवता उभ्या होत्या. त्यांचे डोळे पाणावले होते.

“झालं?”

“पेटीतले रंग बघून मला वाटलं होतं, सापडलं. पण पलीकडचं टोकही तसंच आहे. म्हणजे जोडणारी मंडळी तशीच जोडून गेली, आणि आठही तारा पोचतायत.” शर्वरीने हत्यारं पिशवीत टाकली. एवढं खोटं बोलताना तिला घाम फुटला. “भिंतीतलं काही असेल. मला दोष सापडला नाही.”

सुजाताबाईंच्या चेहऱ्यावरचा मघाचा आदर डोळ्यांदेखत उतरला.

“म्हणजे तुम्हीपण त्यातल्याच,” त्या म्हणाल्या. “एवढं हिरवं-निळं लेक्चर दिलंत, आणि शेवटी काय? त्या तिसऱ्याने निदान चहाला बरं तरी म्हटलं होतं.”

जिन्यात उभं राहून शर्वरीने भिंतीवरच्या सार्वजनिक खुंटीला फोन जोडला आणि कामाची नोंद भरली. कंपनीच्या मदतयंत्राचा मधाळ आवाज आला.

“शर्वरीताई, आपण ‘दोष सापडला नाही’ हा पर्याय निवडला आहे. यापूर्वी आपण तो कधीही निवडलेला नाही. आपली खात्री आहे का?”

“कधी ना कधी सगळ्यांनाच अक्कल कमी पडते,” शर्वरी म्हणाली. “लिही.”

संध्याकाळी घरी आल्यावर तिने कुकर लावला आणि तिसऱ्या शिट्टीची वाट बघत ओट्यापाशी उभी राहिली. समोर बरणी होती. आज तिच्यात काही टाकायचं नव्हतं. तरी तिने ती खाली घेतली, झाकण फिरवलं आणि ताटात उपडी केली.

बहुतेक टोकं खरोखरच अडाण्यांची होती. रंग वाटेल तसे, तारा अर्ध्या बाहेर, एक तर चिकटपट्टीने गुंडाळलेलं. ती तिने बाजूला सारली. मग रंग बघत उरलेली निवडू लागली, तांदळातले खडे निवडावे तशी. केशरी-केशरी, हिरवी-हिरवी, निळी-निळी, तपकिरी-तपकिरी. एक. पुन्हा तीच. आणखी एक. ताटाच्या कडेला अकरा टोकं जमली. अकराही सुबक. त्यातली सात गेल्या दोन वर्षांतली, म्हणजे सांभाळ आल्यानंतरची. एका टोकाच्या केबलवर पांढऱ्या दोऱ्याची गाठ अजून तशीच होती. तिने ती कापून आणली होती आणि तिला ती दिसली नव्हती. रंग वाचायला डोळे लागतात म्हणणाऱ्या शर्वरी मगदूमला.

तिने चिकटपट्टी सरळ केली. ‘गावभाग, बाळंतिणीची खोली: राहू दे ताई म्हणणारी महामूर्ख.’

आता तिला आठवलं. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिलेली एक किरकोळ बाई. खांद्यावर बाळ. “राहू दे ना ताई, चालतंय की तसंच.” आणि शर्वरी हसत म्हणाली होती, “चालतंय म्हणून काय लंगडं ठेवायचं?” आणि पंधरा मिनिटांत काम चोख करून दिलं होतं. बाईने चहाही विचारला नव्हता. उद्धट कुठली, असं तेव्हा वाटलं होतं.

शिट्टी झाली. शर्वरीने गॅस बंद केला. अकरा टोकांवर अकरा पत्ते होते, तिच्याच अक्षरात. त्यांतल्या सात घरांच्या भिंतीत तिने स्वतःच्या हातांनी बसवलेला कान वर्ष-दीड वर्ष लख्ख ऐकत होता, कोण धावलं, कोण नुसतं बसून राहिलं. त्या घरांतले पाळणे आता कुणाच्या खोलीत असतील?

आणि उद्या सकाळी ती तिथे गेली, दार वाजवलं आणि म्हणाली, मागच्या वेळी माझ्या हातून जरा चूक झाली, वायर पुन्हा बघायचीय, तर दार उघडायला त्या बाया अजून तिथे असतील का?